पाठमोऱ्या दोघी

आधी पंधरा मिनिटं काचेच्या खोलीत बसायचं. अंगावरची धूळ, घामाचा दमटपणा, बाहेरून सोबत आणलेली हवा, सगळं तिथली यंत्रं हळूहळू ओढून घेतात. समोरच्या पडद्यावर माहितीपट चालू असतो, त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. एका वेळी पंचवीस माणसं. मग दार सरकतं आणि आत सोडतात. आयसीयूच्या बाहेर चपला काढून, हात धुऊन, हिरवा गाऊन चढवून उभं करतात ना, मला तेच आठवत राहिलं. इथंही भेटीची वेळ ठरलेली, इथंही कोणी मोठ्यानं बोलत नाही, आणि वेळ संपली की तसंच गोड बोलून दुसऱ्या दारानं बाहेर काढतात.

इटलीत पादुआ नावाचं गाव आहे, तिथलं हे स्क्रोवेन्यी चॅपेल. मी गेलो होतो बोलोन्याला, कंपनीच्या कामाला. पॅकेजिंगची मशीनं बघायची होती. मध्ये एक रविवार मोकळा मिळाला. सोबतचे दोघे व्हेनिसला गेले, मी त्याच्या अलीकडे पादुआलाच उतरलो. चित्रकलेतलं मला फार कळतं अशातला भाग नाही. बाबांना जाऊन पाच महिने झाले होते आणि व्हेनिसच्या गर्दीत सेल्फी काढत फिरण्याची ताकद नव्हती, हे खरं कारण. चॅपेलचं तिकीट आधी काढावं लागतं, ते सुदैवानं मिळालं.

आत शिरल्यावर पहिल्यांदा दिसतं ते निळं छत, त्यावर सोनेरी चांदण्या. खोली तशी लहानच, एकवीसेक मीटर लांब. दोन्ही भिंतींवर खालपासून वरपर्यंत चित्रंच चित्रं, मरियेच्या आईवडिलांपासून सुरुवात करून येशूच्या पुनरुत्थानाच्या पुढपर्यंत. जॉत्तो नावाच्या चित्रकारानं ती १३०५च्या आसपास पुरी केली. पंधरा मिनिटांत सगळं बघायचं तर एकेका चित्राला वीस-पंचवीस सेकंद मिळतात. मी हिशोब करूनच आत गेलो होतो. सवय आहे. आणि डाव्या भिंतीवरच्या एका चौकटीपाशी अडकलो तो बेल होईपर्यंत.

चित्राला 'विलाप' म्हणतात. येशूला क्रूसावरून उतरवलंय, अजून कबरीत ठेवलेलं नाही. त्या मधल्या वेळातलं हे चित्र. आपल्याकडे माणूस गेल्यावर त्याला पलंगावरून खाली घेतात आणि तिरडी बांधून होईपर्यंत तो घरातच जमिनीवर असतो, तो हा वेळ. त्या तास-दोन तासांत त्याचं काय करायचं कोणाला कळत नाही. चहा मागवायचा की नाही इथपासून प्रश्न असतात.

चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात मरिया बसलीय. लेकाच्या मानेखालून हात घालून तिनं त्याला छातीशी ओढलंय आणि तोंडाशी तोंड नेऊन ती त्याच्याकडे बघतेय. श्वास चालू आहे का बघताना माणूस जितका जवळ जातो तितकी जवळ. पायाशी मोकळ्या केसांची मग्दालिया मरिया, येशूची शिष्या. तिनं पाय हातात घेतलेत आणि नजर त्या पावलांवरच. मधोमध येशूचा तरुण शिष्य योहान, वाकलेला, दोन्ही हात मागे फेकलेले, पक्ष्यानं पंख मागे टाकावेत तसे. अभ्यासक सांगतात की हातांची ही ठेवण जॉत्तोच्या डोक्यातून निघालेली नाही. जुन्या रोमन दगडी शवपेट्यांवर मेलेआगर नावाच्या वीराच्या मृत्यूचा देखावा कोरलेला असे, त्यात शोक करणारी माणसं असेच हात मागे टाकतात. म्हणजे येशूसाठी रडायची रीत ख्रिस्ताला न मानणाऱ्या लोकांकडून आली. त्यात मला नवल वाटलं नाही. रडणं कोण नव्यानं शिकतं?

मागे एक उघडाबोडका खडक उजवीकडून उतरत उतरत थेट या मायलेकांच्या डोक्यांपाशी येऊन थांबतो. उजवीकडे टोकाला एकच झाड, एक पान नाही. आणि वर आभाळात दहाएक देवदूत. माझ्या डोक्यातले देवदूत म्हणजे नाताळच्या कार्डावरचे, गुबगुबीत, पिपाणी वाजवणारे. हे तसले नाहीत. एक गाल ओरबाडतोय, एक केस ओढतोय, एकानं झग्यात तोंड खुपसलंय, एक हात पसरून सरळ खाली कोसळतोय. कमरेखाली त्यांचं अंग ढगासारखं विरत गेलंय. खिडकीच्या काचेवर पाखरं आपटतात तसे ते आभाळात आपटतायत. खालची माणसं त्या मानानं शांत आहेत. जणू मोठ्यानं रडायचं काम वरच्यांकडे दिलंय.

ते बघताना मला आत्या आठवली.

बाबा पहाटे गेले, पुण्यात, आमच्या फ्लॅटमध्ये, झोपेतच. पुढच्या अर्ध्या तासात मी डॉक्टरांना फोन केला, दोन चुलतभावांना केला, सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, शववाहिनीचा नंबर शोधला. बाबांना पलंगावरून खाली घ्यायचं होतं. पाय मी धरले, कमरेला वॉचमन आला, डोक्याखाली हात द्यायला कोणीतरी हवं होतं. समोरच्या फ्लॅटमधून कोणी आलं, हात दिला, बाबा खाली आले. मग मी दाखल्याच्या कागदांच्या मागे लागलो.

आत्या नऊच्या सुमारास पोचली, साताऱ्याकडून, भाच्याच्या जीपमधून. लिफ्टमधून बाहेर पडल्या पडल्या तिनं गळा काढला. "माझ्या दादा रंऽऽ" हा तिचा आवाज मी लहानपणापासून ओळखतो. गावात कोणी गेलं की आत्याला बोलावणं यायचं, तिच्या तोंडून मेलेल्याचं चांगलं निघायचं म्हणून. ती नुसती रडत नसे. हेल काढून, एकेक आठवण सांगत, मध्ये श्वास घेऊन, पुन्हा सूर धरून रडायची. बाकीच्या बाया तिच्या मागून. बाबांनी विहिरीचं पाणी कसं आणलं, तिच्या लग्नात हुंडा द्यायला बैल कसा विकला, आता दिवाळीला माहेरी कोण बोलवणार, असं सगळं ती पायाशी बसून सांगत होती. सांगत होती म्हणजे बाबांनाच सांगत होती. दोन्ही हात त्यांच्या पावलांवर.

आणि मी जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "आत्या, जरा हळू. शेजारीपाजारी आहेत. ऊठ आता, इकडे बस."

ती उठली. ओठ मिटून सोफ्यावर जाऊन बसली आणि नंतर दिवसभर एक शब्द बोलली नाही. कोणी काही म्हणालं नाही, उलट एका मेहुण्यानं "बरं केलंस" असंच म्हटलं. त्या बेलच्या आधीच्या शेवटच्या तीन-चार मिनिटांत, मग्दालियेच्या हातातल्या पावलांकडे बघताना मला ते वाक्य माझ्याच आवाजात ऐकू आलं.

परत आल्यावर मी या चित्रांच्या मागे लागलो. रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडून बसायचं. बायको म्हणाली, "आता हे काय नवीन?" तिलाही सांगता आलं नाही.

पहिली गोष्ट कळली ती अशी की हा प्रसंग बायबलमध्ये नाहीच. चारही शुभवर्तमानं घ्या. अरिमथाईचा योसेफ रोमन सुभेदार पिलाताकडे जाऊन देह मागतो, तागाच्या कापडात गुंडाळतो, खडकात खोदलेल्या कबरीत ठेवतो, तोंडाशी धोंड लोटतो. बायका कुठं ठेवलं ते बघत होत्या, इतकंच. आईनं त्याला मांडीवर घेतलं असं कोणीही लिहिलेलं नाही. उलट क्रूस घेऊन जाताना मागून ऊर बडवत येणाऱ्या बायकांना येशू स्वतःच सांगतो की माझ्यासाठी रडू नका. योहानाच्या शुभवर्तमानात आई क्रूसाजवळ उभी होती असा उल्लेख आहे. उभी होती. या एका क्रियापदावरून पुढे हजार-बाराशे वर्षं वाद झाला. चौथ्या शतकातल्या मिलानच्या बिशप अँब्रोजनं लिहून ठेवलंय की ती उभी होती असं मी वाचतो, रडली असं वाचत नाही. त्याच काळातला धर्मोपदेशक क्रिसोस्टम व्याख्यानांतून रडणाऱ्या बायकांना झोडपत असे, पैसे देऊन रुदाल्या बोलावणाऱ्यांना तर विशेष. कारण सरळ होतं. पुनरुत्थानावर विश्वास असेल तर मेलेल्यासाठी इतका आकांत कशाला? "आत्म्याला त्रास होतो, रडू नये" असं दहाव्यापर्यंत मला किमान आठ जणांनी सांगितलं होतं. धर्म कुठलाही असो, हे वाक्य असतंच.

मग आईला रडू कोणी दिलं? पूर्वेकडच्या, ग्रीक बोलणाऱ्या चर्चनं. त्यांच्या प्रवचनांत आणि स्तोत्रांत मरिया लेकाशी बोलू लागली, त्याचं बाळपण आठवू लागली, आधी तू माझ्या मांडीवर झोपायचास, आता हा कसा झोपलास, अशा धर्तीचं. (आत्याच.) शब्द आधी आले, चित्रं मागून. उत्तर मॅसिडोनियातल्या स्कोप्येजवळच्या डोंगरावर नेरेझी नावाच्या गावात संत पँतेलेइमोनचं एक छोटं चर्च आहे, ११६४ सालचं, बायझंटाइन राजघराण्यातल्या एका अलेक्सिओसनं बांधलेलं. तिथल्या भिंतीवर हा विलाप आहे. मी फक्त फोटोत पाहिलाय. मरियेनं लेकाला दोन्ही पायांमध्ये घेतलंय, बाळंत होताना बाई बसते तशी बसून, आणि गालाला गाल लावलाय. तिच्या कपाळावर आणि भुवयांमध्ये ज्या रेषा आहेत त्या बघून मी स्क्रीन थोडा वेळ बंद केला होता. चित्रकाराचं नाव कोणाला माहीत नाही. जॉत्तोच्या आधीची १४० वर्षं.

पश्चिमेकडे मात्र बाराव्या शतकातले क्रूस बघा, येशूचे डोळे टक्क उघडे. अंग ताठ, चेहऱ्यावर दुखाचा मागमूस नाही. मरणावर विजय मिळवलेला राजा तो, दुखेल कसं? तेराव्या शतकात डोळे मिटू लागले. जून्ता पिझानो, मग चिमाबुए या चित्रकारांच्या क्रूसांवर डोकं खांद्यावर कलंडलं, पोट आत गेलं, अंग धनुष्यासारखं बाजूला झुकलं. याच्या मागे असिसीच्या संत फ्रान्सिसचे अनुयायी होते. पाय अनवाणी, भाषा लोकांची, आणि सांगणं असं की नुसतं ऐकू नका, तिथं जाऊन बसा, त्या आईच्या शेजारी बसा, तिचं काय होत असेल ते बघा. आपल्याकडे कीर्तनकार जसा हरिश्चंद्राच्या तारामतीला स्मशानात उभी करतो आणि समोर बसलेल्या बायका पदर डोळ्यांना लावतात, त्याच जातीचं हे काम.

इथवर सगळं सरळ चाललं होतं. चर्च आधी कडक, मग मऊ झालं, चित्रकारांनी रडू मोकळं केलं, वगैरे. मग ओर्व्हिएतो गावचे दंड हाताला लागले आणि गोंधळ उडाला.

तेराव्या शतकात, म्हणजे ऐन त्याच वेळी, इटलीतल्या शहरांनी मयताला मोठ्यानं रडण्यावर कायद्यानं बंदी आणायला सुरुवात केली होती. ओर्व्हिएतोत तर लोकांना प्रत्यक्ष दंड भरावे लागले. आणि दंड भरणारे पुरुष होते. डोक्यावरची टोपी फेकून, केस उपटत, रस्त्यातून आक्रोश करत गेले म्हणून. प्रतिष्ठित घरातले पुरुष! शहरांतली राजवट नवीन होती, व्यापार वाढत होता, सभा-पंचायतीतून कारभार चालवायचा होता आणि दहा-वीस माणसं मिळून शोकानं बेभान झाली की त्याची दंगल व्हायला वेळ लागत नाही, अशी भीती असावी. नागरिकानं स्वतःला आवरायला शिकलं पाहिजे. हाउसिंग सोसायटीला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणजे रस्त्यावर रडलं तर दंड, आणि भिंतीवर देवदूत केस उपटतायत.

त्यावर कळस पेत्रार्कचा. इटालियन कवितेतलं एवढं मोठं नाव, उत्तरायुष्यात पादुआच्या आसपासच राहायला आला होता, शेवटी जवळच्या आर्क्वा गावात १३७४ मध्ये वारला. त्याच्या आदल्या वर्षी त्यानं पादुआचा सत्ताधीश फ्रांचेस्को दा कारारा याला एक लांबलचक पत्र लिहिलं. राज्य कसं करावं यावर. दलदली उपसा, रस्त्यांत मोकाट फिरणारी डुकरं आवरा, असं बरंच काही त्यात आहे. आणि शेवटी एक विनंती. कोणी मेलं की बायकांचे घोळके घराबाहेर पडतात, रस्ते आणि चौक किंकाळ्यांनी भरून टाकतात, परक्या माणसाला वाटावं या वेड्या झाल्या किंवा शत्रूनं शहर घेतलं. मग चर्चमध्ये शिरून तिथंही तेच. हे बंद करा. रडण्यानं दुःख हलकं होत असेल तर घरात पोटभर रडू दे, बाहेर नको.

दार लावून घ्या, असं म्हणाला तो. मी तेवढंही म्हणालो नव्हतो. दार लावलेलंच होतं.

गंमत अशी की याच पेत्रार्ककडे जॉत्तोच्या हातचं मरियेचं एक चित्र होतं. मृत्युपत्रात त्यानं ते याच फ्रांचेस्कोला ठेवलं आणि लिहिलं की याचं सौंदर्य अडाण्यांना कळत नाही, कलेतले जाणकार मात्र थक्क होतात. माणूस रसिक होता यात शंका नाही. जॉत्तोचे हात मागे टाकणारे योहान आणि कोसळणारे देवदूत त्याच्या घरापासून लांब नव्हते. भिंतीवरचा आक्रोश त्याला कला वाटायचा, खिडकीखालचा उपद्रव. मी त्याला हसणार होतो, पण हसू आलं नाही.

या चॅपेलचा खर्च कोणी केला, तेही सांगून टाकतो. एन्रिको स्क्रोवेन्यी, सावकाराचा मुलगा. बाप रेजिनाल्दो इतका व्याजखाऊ की कवी दान्तेनं आपल्या काव्यात त्याला नरकात, गळ्यात पैशाची थैली बांधून तापलेल्या वाळूत बसवलंय. बापाच्या पापासाठी मुलानं हे बांधलं असं सगळीकडे छापलेलं असतं. असेल. मुलाची स्वतःची हौस आणि मिरवणंही त्यात असेलच, नाहीतर शेवटच्या न्यायाच्या चित्रात हातात चॅपेल घेतलेला स्वतःचा चेहरा कशाला काढून घेतला असता? ते जाऊ दे. ११ मार्च १९४४ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांचे बॉम्ब शेजारच्या एरेमितानी चर्चवर पडले, तिथली चित्रकार मान्तेन्याची भित्तिचित्रं जवळजवळ सगळी भुगा झाली. हे चॅपेल हाकेच्या अंतरावर. वाचलं.

उत्तरेकडे, आजच्या बेल्जियममध्ये, जॉत्तोनंतर सव्वाशेएक वर्षांनी रोहीर फान डर वेडन या चित्रकारानं जे काढलं ते मी लॅपटॉपवर रात्री अडीच-तीनपर्यंत बघितलंय. मूळ चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यांनी ते इतकं बारीक टिपून ठेवलंय की एक अश्रू अख्ख्या स्क्रीनभर मोठा करता येतो. १४३५च्या आसपासचं, ओकच्या फळ्यांवर तैलरंगात. लूव्हेन गावच्या धनुर्धाऱ्यांच्या मंडळानं आपल्या चर्चसाठी करून घेतलेलं. आपण कुठं कुठं देणगीदाराची पाटी लावतो, त्यांनी चित्राच्या कोपऱ्यांत नक्षीमध्ये इवलीशी धनुष्यं लटकवून घेतली आहेत. तिरंदाज हौशी होते म्हणायचे.

दहा माणसं एका उथळ सोनेरी कपाटात कोंबल्यासारखी उभी. खडक नाही, आभाळ नाही, देवदूत नाहीत. येशूला खाली घेतायत आणि त्याच क्षणी मरिया शुद्ध हरपून कोसळतेय. दोघांची अंगं एकाच वळणाची. त्याचा उजवा हात लोंबतोय, तिचाही लोंबतोय, दोन्ही हातांच्या मध्ये टीचभर जागा. निळ्या झग्यातला तिचा चेहरा लेकापेक्षा पांढरा. डावीकडे एक बाई रुमाल डोळ्याला लावून रडतेय, तिच्या नाकाच्या कडेनं पाणी ओघळलंय. तैलरंगाचे थर पातळ देता येतात, एकाखालचा दुसरा दिसतो, म्हणूनच हे अश्रू काढता आले. जवळून बघितलं तर अश्रू म्हणजे काहीच नाही. खाली थोडी सावली, वर पांढऱ्याचा एक ठिपका, आणि मधून कातडी तशीच दिसते. जॉत्तोला ओल्या गिलाव्यावर काम करायचं होतं, वाळायच्या आत रंग लावायचा. तरी त्यानं त्याच चॅपेलमध्ये हेरोद राजानं मारलेल्या बाळांच्या आयांच्या गालांवर अश्रू ओढलेत.

मरियेचं हे बेशुद्ध पडणं लोकांना फार भावलं. इतकं की त्याचा वेगळा सण करा अशी मागणी थेट पोपपर्यंत गेली. तेव्हा, १५०६ मध्ये, कायेतान नावाच्या धर्मपंडितानं खास निबंध लिहून ते खोडलं. शुभवर्तमान म्हणतं उभी होती. बेशुद्ध माणूस उभा राहू शकत नाही. पुन्हा तेच क्रियापद! सण झाला नाही.

मला या चित्रात बायकांपेक्षा पुरुष जास्त दिसत राहिले. एक शिडीवर, एकानं काखेतून धरलंय, जरतारी झग्यातल्या एकानं पाय तोललेत. ते वजन सांभाळतायत. मेलेल्या माणसाचं वजन हे ज्यानं उचललंय त्यालाच ठाऊक, जिवंतपणीच्या वजनाशी त्याचा मेळ बसत नाही. जॉत्तोच्या चित्रातही उजवीकडे कबर देणारा तो योसेफ आणि त्याचा सोबती निकदेम बाजूला उभे आहेत, पुढचं काम करायचं आहे आणि बायकांचं झाल्याशिवाय करता येत नाही अशा चेहऱ्यानं. तो चेहरा माझ्या ओळखीचा आहे. हातात फोन असता तर मीच. फरक एकच, ते दोघे थांबलेत. पायाशी बसलेल्या बाईला कोणी "ऊठ आता" म्हणत नाहीये.

आणि शेवटी त्या दोघी. त्यांच्यासाठी मला परत जॉत्तोकडे यावं लागतं.

चित्राच्या अगदी पुढे, आपल्याकडे पाठ करून दोन व्यक्ती जमिनीवर बसल्यात. डोक्यावरून ओढून घेतलेले जाडजूड झगे, चेहरे नाहीतच. पाठीचे दोन ढीग म्हणा. जॉत्तोच्या आधी पवित्र चित्रात अशी पाठमोरी माणसं पुढ्यात बसवायची रीत नव्हती. ज्याला चेहरा नाही, नाव नाही, ज्याच्या डोक्यामागे तेजोवलय नाही, त्याला सगळ्यात पुढची जागा कोण देईल? त्यांच्यामुळे आपल्याला नीट दिसतही नाही. मयताच्या घरी मागून आलेल्याला जसं आधी बसलेल्यांच्या पाठींमधून वाकून बघावं लागतं, तसं बघावं लागतं. डावीकडच्या पाठमोरीचा एक हात तेवढा दिसतो. तो येशूच्या डोक्याखाली गेलाय. आई मिठी मारते, पण डोकं त्या हातावर टेकलंय. हा हात मला पादुआत दिसला नव्हता. पंधरा मिनिटं समोर उभा होतो तरी नाही. घरी, बऱ्याच दिवसांनी दिसला.

बाबांचं वर्षश्राद्ध आम्ही गावी केलं. जेवणं आटोपून माणसं पांगल्यावर आत्या सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. तिच्याशी तसं बोलणं मी वर्षभर टाळलंच होतं. शेजारी जाऊन बसलो. माफी वगैरे मागायची असं ठरवून आलो होतो, तोंडातून निघाली नाही, तर मोबाइल काढून चित्र दाखवलं. इटलीत पाहिलं म्हटलं.

तिनं मोबाइल लांब धरला, जवळ धरला, मग मलाच मोठं करायला लावलं.

"ही आई व्हय त्याची?"

"हो."

"दिसतंयच की." मग वर सरकवायला लावलं. देवदूत बघून "आगं बया" म्हणाली. उजवीकडच्या दोघांकडे बोट. "ह्यो बाप?"

"नाही. तो योसेफ, पण अरिमथाईचा, वेगळा. पैसेवाला होता. स्वतःसाठी खोदून ठेवलेली कबर त्यानं दिली."

"दिली? चांगला म्हनायचा." बोट पायाकडे आलं आणि तिथंच राहिलं. "आन् ही?"

"मग्दालिया. नात्यातली नव्हे."

आत्या काही बोलली नाही. बाहेर कोणीतरी पातेली घासत होतं, तो आवाज येत होता. मग तिनं त्या दोन पाठींवर बोट टेकवलं, चित्र एकदम मोठं झालं, नुसता कापडाचा रंग आणि त्याखालून आलेला तो हात.

"ह्या दोघी कोन?"

"माहीत नाही आत्या. नावं नाहीत. कोणालाच माहीत नाही."

तिनं जरा वेळ बघितलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

"शेजारच्या असत्याल," ती म्हणाली.